कूपनांची वही

मुंबईच्या लघुवाद न्यायालयात मी सव्वीस वर्षे बेलिफ म्हणून नोकरी केली. शहरातले घरमालक आणि भाडेकरू यांचे दावे याच न्यायालयात चालतात, आणि दावा संपला की जागेच्या ताब्याचे वॉरंट घेऊन प्रत्यक्ष दारात जाऊन उभे राहण्याचे काम बेलिफाला करावे लागते. राहत्या घरांची वॉरंटे मी अनेक बजावली आणि त्यांतली काही अजूनही मनातून जात नाहीत. पण ज्या दिवसाबद्दल लिहायचे बरीच वर्षे मनात होते, तो दिवस एका हॉटेलाचा आहे. फोर्टमध्ये बोरा बाजाराच्या बाजूच्या एका गल्लीत, तळमजल्यावर, कोपऱ्यावरचे ते उडुपी हॉटेल होते. साल २०१२, महिना मार्च.

त्या जागेचा इतिहास सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मूळ भाडेकरू एक इराणी कुटुंब होते आणि १९४० च्या आधीपासून तेथे त्यांचे चहाचे दुकान होते. मुंबईच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने अशा जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवले होते. पुढे १९९९ चा नवा कायदा आला, त्याने वर्षाला चार टक्के वाढ करण्याची मुभा दिली. पण मुळातली रक्कमच इतकी लहान की चार टक्क्यांनी ती वाढून किती वाढणार? आम्ही वॉरंट घेऊन गेलो तेव्हा त्या संपूर्ण जागेचे महिन्याचे भाडे तिथल्याच दहा राइस प्लेटच्या किमतीहून कमी होते.

इराणी मालकाची मुले या धंद्यात उतरली नाहीत. १९७५ मध्ये त्याने हॉटेल ‘कंडक्टिंग’वर दिले. फोर्ट आणि गिरगावातल्या हॉटेलवाल्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. भाडेपावती मूळ भाडेकरूच्या नावावर राहते, धंदा चालवणारा दुसराच असतो आणि तो मूळ भाडेकरूला दरमहा ठरावीक रक्कम देतो. चालवायला घेणारा माणूस उडुपीकडचा होता. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मीही तेच म्हणतो.

घरमालकाने १९८८ मध्ये दावा लावला तो पोटभाडेकरू ठेवल्याच्या कारणावरून. दाव्याचा सगळा भार दोन प्रश्नांवर होता. भाडे कायद्याच्या १९७३ च्या दुरुस्तीने असे ठरवले होते की १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरू न होता नुसत्या वापराच्या परवानगीवर, प्रत्यक्ष जागेत होता, त्याला भाडेकरूचे संरक्षण मिळेल. अण्णांचा करार त्या तारखेनंतर दोन वर्षांनी झाला होता, म्हणून ते दार त्यांना बंद होते. दुसरा प्रश्न असा की अण्णा खरोखर इराण्याचा धंदा त्याच्या वतीने चालवत होते, की करारावर कंडक्टिंग लिहून जागाच त्यांच्या हाती दिली गेली होती? दुकानाचा गुमास्ता परवाना अण्णांच्या नावावर, हिशेबाच्या वह्या अण्णांच्या, नफा-तोटा अण्णांचा, आणि इराणी कुटुंबातले कोणी गल्ल्यावर फिरकतसुद्धा नव्हते. न्यायालयाने ते पोटभाडे ठरवले. अपील झाले, उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि दावा लावणारे गृहस्थ मध्येच वारले. त्यांच्या सूनबाईंनी दावा पुढे चालवला. निकाल कायम राहिला.

हे मी इतक्या तपशिलाने लिहितो, कारण मालकीणबाईंना वाईट ठरवून ही हकीकत सांगता येत नाही. त्यांना सगळे ‘बेन’ म्हणत. चार मजली इमारतीच्या एका खोलीत त्या राहत होत्या. त्यांच्या जिन्याच्या छताला टेकू लावलेले मी स्वतः पाहिले होते, आणि साऱ्या इमारतीच्या भाड्यातून एका वर्षाची डागडुजीसुद्धा निघत नव्हती.

आम्ही सकाळी साडेदहाला पोहोचलो. मी, दोन पंच, एक पोलीस शिपाई, बेनचे वकील आणि कुलूपवाला. उच्च न्यायालयाने दिलेली मुदत संपलेली होती, पण आम्ही नेमके कोणत्या दिवशी येणार हे अण्णांना ठाऊक नव्हते. त्यामुळे हॉटेल नेहमीसारखे चालू होते. आत पिंपभर भात शिजून तयार होता, सांबाराला फोडणी बसत होती आणि पोरे केळीची पाने पुसत होती.

मी गल्ल्यापाशी जाऊन वॉरंट वाचून दाखवले. अण्णांनी चष्मा लावून ते पुन्हा स्वतः वाचले. तेवढ्यात एक नेहमीचे गिऱ्हाईक, बहुधा वकिलांकडे कारकून असलेले, त्यांच्या कानाशी लागले. ते काय सुचवत होते हे मला ऐकू न येताही कळले. बेलिफ बळजबरी करत नाही. कोणी स्वतंत्र हक्क सांगून अडथळा केला तर तो तसा अहवाल लिहून परत जातो, मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ९७ खाली नवा अर्ज, त्याची नवी सुनावणी, आणि त्यात महिने जातात, कधी वर्षे. पोटमाळ्यावर राहणाऱ्या कामगारांपैकी कोणीही उभे राहून ‘ही माझी जागा आहे’ एवढे म्हटले असते, तरी त्या दिवशी मी माघारी फिरलो असतो. अण्णांनी कारकुनाचे ऐकून घेतले आणि मोठ्याने म्हणाले, “नको. कोर्टात हरलो ते हरलो. या पोरांना खोटे बोलायला लावणार नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “साहेब, एक विनंती आहे. भात शिजलाय.”

वकिलांचा आग्रह होता की गिऱ्हाईक आत घेणे ताबडतोब थांबवावे, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबर होते; इतक्या वर्षांच्या दाव्यानंतर शेवटच्या दिवशी काय विघ्न येईल सांगता येत नाही. वॉरंट दिवस मावळायच्या आत बजावले गेले तर मला पुरेसे होते, परंतु थांबायचे की नाही हे ज्यांच्या बाजूने हुकूमनामा आहे त्यांनी सांगायचे. मी बेनकडे पाहिले. त्या फुटपाथवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “शिजलेले अन्न फेकायला लावू नका. तीन वाजेपर्यंत बसते मी.”

मग साडेबारापासून जेवणे सुरू झाली आणि मी एका कोपऱ्यात बसून पंचनाम्याचे कागद आखू लागलो. फोर्टातली दुपारची गर्दी मी नोकरीच्या सुरुवातीपासून पाहत आलो होतो. १९९५ मध्ये शेअर बाजाराचे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर गेले, तेव्हापासून दलालांची आणि त्यांच्या माणसांची वर्दळ हळूहळू पातळ होत गेली. पुढे काही बँकांची मुख्य कार्यालये वांद्रे-कुर्ला संकुलात गेली आणि नॅशनल स्टॉक एक्स्चेंजही तेथेच उभे राहिले. तरीही त्या दिवशी एक वाजता हॉटेल भरलेले होते. पोस्टातले लोक होते, छापखान्यातले होते, कुरिअरची मुले होती, आणि निवृत्त झाल्यानंतरही केवळ जेवायला लोकलने फोर्टात येणारे दोन वृद्ध होते. त्यांच्याकडे लक्ष गेल्यावर मी काही वेळ लिहायचे थांबलो.

कूपनांची गोष्ट मला तेव्हा कळली. आगाऊ पैसे भरून पंचवीस कूपनांचे पुस्तक घ्यायचे, रोज एक फाडून द्यायचे, ही पद्धत त्या हॉटेलात पहिल्यापासून होती. नुकताच महिना सुरू झालेला असल्यामुळे बहुतेकांची पुस्तके जवळजवळ कोरी होती. अण्णांनी गल्ल्याशेजारी एक लांबट वही उघडून ठेवली. जेवण आटोपून हात धुवून जो येई, त्याची उरलेली कूपने ते मोजून घेत, पैसे परत देत आणि वहीतले नाव आडवी रेघ मारून खोडत. सुरुवातीला लोकांना काही कळेना. मग बातमी टेबलांवरून पसरली आणि रांग लागली. काहींनी पैसे घ्यायला नकार दिला. अण्णांनी तो ऐकला नाही. एकाला ते म्हणाले, “तुम्ही जेवणाचे पैसे दिलेत. जेवण नाही, तर पैसे माझे नाहीत.” अडीचच्या सुमाराला गल्ला रिकामा झाला. त्यांनी आतून स्वतःची पिशवी मागवली आणि त्यातून पैसे दिले.

ताब्याचे वॉरंट फक्त जागेपुरते असते. गल्ल्यातल्या रकमेशी, वहीशी, कूपनांशी माझा कायदेशीर संबंध काहीच नव्हता. तरीसुद्धा मी पंचनाम्यात एक ओळ लिहिली, की सामनेवाल्याने जागेवर उपस्थित ग्राहकांना आगाऊ घेतलेली रक्कम पंचांसमक्ष परत केली. ती ओळ कोणी मागितली नव्हती. ती तेथे असावी असे मला वाटले.

तीन वाजता सामान बाहेर निघू लागले. वाटण्याचे यंत्र, शेगड्या, भांडी, पोटमाळ्यावरच्या अकरा कामगारांच्या पत्र्याच्या ट्रंका. दुसऱ्या दिवशीच्या इडलीसाठी वाटलेल्या पिठाचे तीन मोठे डबे होते. बंद जागेत ते ठेवता येत नव्हते आणि फुटपाथवरही टिकले नसते. दोन गल्ल्यांपलीकडच्या दुसऱ्या उडुपी हॉटेलातून चार पोरे न बोलावता आली आणि डबे उचलून घेऊन गेली; ते हॉटेल अण्णांच्या गावच्याच माणसाचे होते. अकरापैकी पाच कामगारांना त्याच रात्री तेथे झोपायला जागा मिळाली.

टेबले हलवताना एकाचा सनमायकाचा पत्रा कडेने सुटला आणि खाली पांढरा संगमरवर दिसला. मग कळले की नऊच्या नऊ टेबलांवर सनमायकाखाली इराण्याच्या काळचा संगमरवर तसाच आहे. तो नेमका कोणाचा, असा प्रश्न उभा राहिला. अण्णा म्हणाले, “माझा नाही. मी आलो तेव्हा होता.” बेनचे वकील म्हणाले, जागेचा भाग नाही, आमचाही नाही. मूळ भाडेकरूच्या वतीने कोणी हजर नव्हते. नऊ टेबले मी ‘बेवारस जंगम’ अशी नोंदवली आणि ती तात्पुरती बेनच्या ताब्यात दिली. एकाच जागेवर तीन मालक्या एकावर एक कशा चढलेल्या असतात, हे मी कागदावर असंख्य वेळा वाचले होते. हाताला ते त्या दिवशी लागले.

पाच वाजता कुलूप लागले, किल्ली बेनच्या हाती गेली, ताबापावतीवर सह्या झाल्या. मी शटरवर न्यायालयाची प्रत चिकटवली. तेव्हा अण्णा पुढे आले आणि त्यांनी एक हाताने लिहिलेला कागद दाखवला. ज्यांची कूपने शिल्लक आहेत त्यांनी पलीकडच्या हॉटेलात जाऊन वहीत नाव पाहून पैसे न्यावेत, असे त्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिले होते. तो कागद शटरवर लावू द्यावा एवढेच त्यांचे मागणे होते. वकिलांनी हरकत घेतली, कारण शटर आता बेनचे होते. बेननी माझ्याकडून डिंकाची बाटली घेतली आणि तो कागद स्वतः चिकटवला. दोन्ही बाजू जवळजवळ पंचवीस वर्षे एकमेकांविरुद्ध लढत होत्या, आणि मला वाटते हे दोघे त्या दिवशी पहिल्यांदाच एकमेकांशी सरळ बोलले. बोलले ते एवढेच, की कागद पावसापर्यंत टिकेल का.

फोर्टात त्यानंतर बरेच काही बंद झाले. जहांगीर कलादालनातले समोवार हे उपाहारगृह २०१५ मध्ये गेले, काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस हे संगीताचे दुकान २०१६ मध्ये, आणि १९४८ पासूनचे स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये. त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रांत लेख आले, लोक शेवटच्या दिवशी निरोप द्यायला गेले, आणि ते योग्यच झाले. बोरा बाजाराच्या गल्लीतल्या हॉटेलाचे छायाचित्र मात्र कुठे छापून आले नाही. ती जागा वर्षभर रिकामी होती, मग बेननी ती साठ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर एका कुरिअर कंपनीला दिली आणि त्या पैशातून जिन्याचे टेकू निघाले. नंतर तेथे एक कॉफीचे दुकान आले. ते २०२० च्या टाळेबंदीत लोकल बंद झाल्यावर टिकू शकले नाही. आता तेथे मोबाइलची दुरुस्ती होते.

निवृत्त झाल्यावर एकदा मी मुद्दाम पलीकडच्या उडुपी हॉटेलात जेवायला गेलो. गल्ल्यावरच्या तरुणाला वहीबद्दल विचारले. त्याने खालचा खण ओढून ती बाहेर काढली. कडा कुरतडलेल्या होत्या. अण्णा गावी गेले होते, पण ही वही फेकायची नाही असे सांगून गेले होते. मी पाने उलटत शेवटपर्यंत गेलो. तीन नावे अजून खोडायची राहिली होती, आणि प्रत्येकासमोर रक्कम लिहिलेली होती.