फालेमेच्या पलीकडचा काठ

सेनेगलच्या मार्च २०२४ च्या निवडणुकीत बासिरू द्योमाय फाय पहिल्याच फेरीत ५४ टक्के मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा त्यांना तुरुंगातून सुटून जेमतेम दहा दिवस झाले होते. त्यांचा खरा कस सेनेगलवर पूर्वी राज्य केलेल्या फ्रान्सशी वागताना लागेल, असे त्या वेळी मलाही वाटले होते. आता मात्र माझे लक्ष राहून राहून पूर्वेकडे, मालीच्या सीमेकडे जाते.

राजधानी डाकारजवळच्या थियारॉय येथे १ डिसेंबर १९४४ रोजी फ्रेंच लष्कराने आपल्याच बाजूने लढून आलेल्या, थकलेला पगार मागणाऱ्या आफ्रिकी सैनिकांवर गोळ्या झाडल्या होत्या. ही जखम मनात असलेल्या देशातून जुलै २०२५ मध्ये शेवटचा फ्रेंच तळ हलला, याचे मला मनापासून समाधान वाटते. चलनाचा प्रश्न तेवढा सहज सुटणारा नाही. सेनेगलचे चलन असलेला, फ्रेंच वसाहतकाळापासूनचा सीएफए फ्रँक आजही एका युरोला ६५५.९५७ या दराने बांधलेला आहे आणि ते आठ देशांचे सामाईक चलन आहे.

त्या आठांपैकीच माली, बुर्किना फासो आणि नायजर. या लष्करशासित देशांनी जानेवारी २०२४ मध्ये ‘इकोवास’ ही पश्चिम आफ्रिकी देशांची संघटना सोडण्याची घोषणा केली, आणि त्यांची समजूत काढण्याच्या कामी संघटनेने फाय यांना नेमले. सत्तेवर येऊन दोन महिने होण्याआधीच ते बामाको आणि वागाडुगू या माली व बुर्किना फासोच्या राजधान्यांना जाऊन आले होते. तरीही २९ जानेवारी २०२५ रोजी तिन्ही देश रीतसर बाहेर पडले. याचा दोष मी फाय यांना देणार नाही, कारण बंड करून सत्तेवर आलेल्यांना निवडणुकीची वाट दाखवण्यासाठी त्यांच्या हाती शब्दांपलीकडे फारसे काही नव्हते.

माली मात्र दूर सारता येत नाही. समुद्रकिनारा नसलेल्या या देशाचा बराचसा माल डाकार बंदरात उतरतो आणि सेनेगलच्या सीमेवरच्या किदिरा येथे फालेमे नदी ओलांडणाऱ्या ट्रकांतून पुढे जातो. १ जुलै २०२५ रोजी अल-कायदाशी संलग्न गटाने पश्चिम मालीत एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ले केले. त्यांतले दिबोली हे किदिराच्या अगदी समोर, नदीच्या पलीकडच्या काठावर आहे. ज्या राजवटीला इकोवासच्या वतीने निवडणुका घ्या म्हणून सांगायचे होते, तिच्याच सैन्याच्या भरवशावर हा रस्ता चालू ठेवायचा, असा पेच फाय यांच्यापुढे आहे.