दाराआडची साक्ष

माझ्या पक्षकार मावशी ऐंशीच्या घरातल्या. वडिलोपार्जित जमिनीच्या दाव्यात समोरच्यांनी १९३६ च्या हुकूमनाम्याची नक्कल हजर केली. मावशींचे आजोबा भावापासून विभक्त होते की एकत्र, एवढाच तेव्हाचा वाद होता. विभक्त असते तर जमीन त्यांच्या विधवेकडे आली असती. कोर्टाने एकत्र ठरवलं आणि तिच्या वाट्याला फक्त अन्नवस्त्र आलं. निकालाचा आधार तिचीच साक्ष.

मूळ रेकॉर्ड पाहायला अर्ज दिला. इतक्या जुन्या दाव्यातला जबाब सहसा उरत नाही, पण इथे बस्त्यात तो होता. साक्ष कोर्टात झालीच नव्हती. रूढीने जनांत न वावरणाऱ्या स्त्रीला कोर्टात बोलवायचं नाही, अशी तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३२ मध्ये आहे. म्हणून साक्ष नोंदवायला कोर्टाने नेमलेला कमिशनर घरी गेला आणि ओसरीवर बसला. समासात त्याची टीप: ‘साक्षीदार बाई दाराआड. आवाज स्पष्ट ऐकू न आल्याने उत्तरे प्रतिवादी नं. १ यांचेमार्फत घेतली.’ प्रतिवादी नं. १ म्हणजे तिचा दीर, ज्याच्याशी वाद होता तोच! खाली ‘नि. डा. हा. अं.’, म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा, आणि पुसट ठसा. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

दाराच्या आत जाऊन तिचं म्हणणं ऐकणारी वकील बाई तिला का मिळाली नाही? नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी हातात पडली १९२२ मध्ये. पडद्यातल्या स्त्रियांच्या इस्टेटींसाठी त्यांनी बंगालमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, तेही वकिलीच्या सनदेशिवाय. १९१६ मध्ये रेजिना गुहांचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने फेटाळला, कारण वकिलीच्या कायद्यातल्या ‘व्यक्ती’त स्त्री बसत नाही म्हणे. ती आडकाठी १९२३ च्या कायद्याने गेली आणि मिठन टाटा (पुढच्या लाम) मुंबई उच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. पण मुंबईत बाई उभी राहिली म्हणून तालुक्याला तिचा काय उपयोग? या साक्षीच्या वेळी त्या कायद्याला तेरा वर्षं झाली होती. आमच्या व्यवसायाचा अभिमान मलाही आहे. पण हा उशीर कुणाच्या अंगावर निघाला, ते त्या जबाबात दिसतं.

नव्वद वर्षांपूर्वीचा निकाल या टिपेने उलटेलच, असं मी मावशींना सांगितलं नाही. नक्कल काढली आणि व्हरांड्यात त्यांना जबाब वाचून दाखवला. टीप त्यांनी दोनदा वाचायला लावली.

पुढच्या तारखेला समोरचे वकील सौजन्याने म्हणाले, “बाईंचं वय झालंय, साक्ष घरी कमिशनवर घेऊ, आमची हरकत नाही.” मावशींचे गुडघे पार गेलेले, कोर्ट दुसऱ्या मजल्यावर. मीही होकार द्यायच्या बेतात होते. त्यांनी माझी बाही ओढली.

“घरी नको, ताई. घरात सगळे त्यांचेच. मी इथंच बोलणार.”

न्यायाधीश साहेबांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात खुर्ची ठेवायला सांगितली. उलटतपास दुपारपर्यंत चालला आणि प्रत्येक उत्तर मावशींनी स्वतः दिलं.