छोट्या चार्टर डिस्ट्रिक्टचा अहवाल वाचताना

टेक्सासात नव्याने राहायला येणारे मराठी कुटुंब घर ठरवण्याआधी शाळेची चौकशी करते, आणि त्या चौकशीत पहिला प्रश्न बहुधा हाच असतो की डिस्ट्रिक्टची, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या प्रशासनाची, श्रेणी काय. राज्याचे शिक्षण खाते, म्हणजे टेक्सास एज्युकेशन एजन्सी, डिस्ट्रिक्टना ए ते एफ अशी श्रेणी देते. चार्टर शाळा चालवते बिगरसरकारी संस्था, पैसा मात्र सरकारचा असतो आणि फी नसते. एखादी-दुसरीच इमारत असली तरी कागदोपत्री तिचे संचालक मंडळ हे स्वतंत्र डिस्ट्रिक्ट ठरते. त्यामुळे लाखाहून अधिक विद्यार्थ्यांचे ह्यूस्टन आणि दोन-तीनशे मुलांची चार्टर एकाच तक्त्यात येतात. त्या तक्त्यातले अक्षर दोन्हीकडे सारख्याच अर्थाने वाचणे मला पटत नाही.

तिसरी ते आठवीच्या मुलांची ‘स्टार’ ही राज्यस्तरीय परीक्षा होते. तिसरीत पंचवीसच मुले असतील, तर एक मूल म्हणजे चार टक्के. गणितात ‘मीट्स’, म्हणजे इयत्तेला अपेक्षित पातळी गाठणाऱ्यांचे प्रमाण एका वर्षात 48 वरून 36 टक्क्यांवर आले, तर वाचणाऱ्याला शाळा घसरली असे वाटते. प्रत्यक्षात फरक तीन मुलांचा असतो, आणि तीही गेल्या वर्षीची मुले नव्हेत. वांशिक गटांच्या किंवा इंग्रजी शिकत असलेल्या मुलांच्या स्तंभाकडे वळावे, तर छोट्या डिस्ट्रिक्टच्या पानावर आकड्यांऐवजी तारकाच तारका दिसतात, कारण गट इतका लहान असला की मूल ओळखू येऊ नये म्हणून निकाल झाकला जातो. ही काळजी योग्यच आहे. पण ज्या गटांसाठी ही शाळा काढली असे संस्था सांगते, नेमक्या त्यांचीच प्रगती पालकांना दिसत नाही.

श्रेणीच्या सूत्रात परीक्षेतील यश आणि शालेय प्रगती यांपैकी जे सरस असेल त्याला 70 टक्के वजन आहे. उरलेले 30 टक्के विद्यार्थिगटांमधील दरी भरून काढण्याला. शालेय प्रगतीचा एक भाग असा आहे की, शाळेचे निकाल साधारण तेवढीच गरीब मुले असलेल्या शाळांशी ताडून पाहिले जातात. आता हे ‘गरीब’ कोण? मुख्यतः मोफत किंवा सवलतीच्या जेवणास पात्र असलेली मुले. ही पात्रता बऱ्याचदा पालकांनी भरून दिलेल्या उत्पन्नाच्या फॉर्मवर ठरते, आणि तो फॉर्म दप्तराच्या तळाशी चुरगळून राहिला तर ते मूल अहवालात सुस्थितीतले गणले जाऊ शकते. मग शाळेची तुलना अधिक सधन शाळांशी होते आणि अशा मुलांसाठी मिळणारा जादा निधीही हुकतो. हा निधी 2019 पासून मुलाच्या राहत्या वस्तीची आर्थिक स्थिती पाहून मूळ रकमेच्या 22.5 ते 27.5 टक्के एवढा दिला जातो. शाळेच्या ऑफिसात या फॉर्मसाठी पालकांना पुन्हा पुन्हा फोन का जातात, हे यावरून कळावे.

निधीची मूळ रक्कम प्रतिविद्यार्थी 6,160 डॉलर होती. 2019 नंतर महागाई कुठल्या कुठे गेली, तरी ती जागची हलली नाही. 2025 मध्ये विधिमंडळाने तीत 55 डॉलरची भर घातली. (55 डॉलरमध्ये काय येते, हे इथे आठवड्याचा किराणा भरणाऱ्याला सांगायला नको.) शिवाय ती पटावर नव्हे, सरासरी हजेरीवर मिळते. आपल्याकडे अनुदानित शाळेची संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, पटसंख्येवर होते. इथे मूल पटावर असूनही तापाने घरी राहिले तर शाळेचे उत्पन्न घटते. तीनशे मुलांच्या शाळेत हजेरी 95 वरून 91 टक्क्यांवर आली, तर सरासरी बारा मुले कमी भरतात, म्हणजे नुसत्या मूळ रकमेतच सुमारे 74 हजार डॉलर गेले. एका शिक्षकाचा वर्षाचा पगार एवढ्यात निघाला असता. वर्ग मात्र तेवढेच राहतात, वीजबिलही तेवढेच येते.

मोठ्या डिस्ट्रिक्टलाही हा फटका बसतो, पण त्याच्याकडे मालमत्ताकर लावण्याचा अधिकार असतो आणि मतदारांच्या संमतीने इमारतींसाठी कर्जरोखे काढता येतात. चार्टरला कर लावता येत नाही. 2017 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या चार्टरना मिळून इमारतींसाठी वर्षाला सहा कोटी डॉलर ठरवले गेले. ते हजेरीप्रमाणे वाटले की लहान शाळेच्या पदरात भाड्यापुरतेही पडणे कठीण. म्हणून जुन्या दुकानांच्या किंवा चर्चच्या इमारतीत भरणाऱ्या शाळा दिसतात. चार्टरवाल्यांची ही तक्रार मला रास्त वाटते. उलट, शिक्षकाला पदवी पुरे, प्रमाणपत्र बहुतेक विषयांना सक्तीचे नाही, ही त्यांना मिळालेली मोकळीक मला तितकीशी रुचत नाही. अहवालात शिक्षकांच्या अनुभवाची सरासरी आणि दरवर्षी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण दिलेले असते. श्रेणीच्या अक्षराआधी मी ते पाहतो.

त्यानंतर पाहतो ते मुलांच्या ये-जा करण्याचे प्रमाण. वर्षाच्या 83 टक्क्यांपेक्षा कमी काळ शाळेत राहिलेले मूल या सदरात मोजतात. श्रेणीसाठी ऑक्टोबरअखेरच्या ठरावीक दिवशी पटावर असलेल्याच मुलांचे निकाल धरतात. जानेवारीत आलेल्या मुलाला वर्षअखेरपर्यंत शिकवले तरी त्याचे यश-अपयश त्या वर्षीच्या अक्षरात उमटत नाही.

आणि हे अक्षर चार्टरसाठी जिवावर बेतणारे असते. 2013 च्या कायद्यानुसार शैक्षणिक किंवा आर्थिक मूल्यमापनात सलग तीन वर्षे नापास झालेल्या संस्थेचा परवाना रद्द होतो. ह्यूस्टनचा कारभार 2023 मध्ये राज्याने ताब्यात घेतला, पण डिस्ट्रिक्ट आणि तिथली मुले जागेवर राहिली. चार्टर गेली की पालक नवी शाळा शोधायला लागतात. तीन मुलांनी टक्केवारी हलणाऱ्या शाळेबाबत हा नियम फार कडक आहे, असे माझे मत आहे.

त्यामुळे विचारणाऱ्यांना मी निदान तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडून पाहायला सांगतो. तेही सोपे नाही. 2023 ची श्रेणी न्यायालयीन वादामुळे थेट एप्रिल 2025 मध्ये जाहीर झाली, आणि 2027-28 पासून ‘स्टार’च्या जागी वर्षातून तीनदा घेतल्या जाणाऱ्या छोट्या परीक्षा येणार आहेत, म्हणजे तुलनेची मोजपट्टीच बदलेल. तोवर हजेरी, शिक्षकांची गळती आणि उत्पन्नाचे फॉर्म यांबद्दल मुख्याध्यापकांना समक्ष विचारून घ्यावे. छोट्या शाळेत ते भेटतात तरी.