हलका, टचस्क्रीनचा, आणि मराठी प्रुफांना चालेल असा लॅपटॉप शोधताना

माझं काम मुद्रितशोधनाचं. पुण्यातल्या दोन-तीन प्रकाशकांची पुस्तकं आणि सीझनला दिवाळी अंकांची प्रुफं माझ्याकडे असतात. पूर्वी कागदांचे गठ्ठे यायचे, आता पीडीएफ येते. जुना लॅपटॉप जड होता, तरी रेटत होते. पण १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. माझा त्यात बसेना. नवा घेणं आलंच.

दोन गोष्टी मी आधीच ठरवल्या होत्या. वनाजहून मेट्रोने डेक्कन आणि तिथून चालत अप्पा बळवंत चौक, एवढं अंतर खांद्यावर टाकून नेता यावा इतका तो हलका हवा. आणि पडद्यावर पेनने खुणा करता आल्या पाहिजेत. माउसने एकदा काकपद, म्हणजे राहिलेलं अक्षर घालायची खूण, काढून बघा, मग माझा टचचा हट्ट का ते कळेल.

भाचा हिंजवडीत आयटीत आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, टच कशाला घेतेस? सुरुवातीला हौसेने बोट लावशील आणि मग परत माउसच धरशील." तसं त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. लॅपटॉप टेबलावर नेहमीसारखा उघडा असला की हात लांब करून पडद्याला बोट लावत बसणं कंटाळवाणं होतं, खांदा भरून येतो. शिवाय बिजागरी ढिली असेल तर प्रत्येक टोचणीला पडदा डुलतो. म्हणून पडदा पूर्ण मागे वळून पाटीसारखा हातात धरता येतो तसलाच बघायचा, हे त्याच्याशी वाद घालतानाच पक्कं झालं. त्यानं एक मात्र बजावलं: रॅम १६ जीबीच घे. या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम सहसा बोर्डावर सोल्डर केलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. फाइली साठवणाऱ्या एसएसडीचं तसं नाही, ती बहुतेकांत बदलता येते.

टिळक रोडवरच्या दुकानांत गेले ते स्वतःचा पेनड्राइव्ह घेऊन. त्यात एका पुस्तकाची पीडीएफ होती. दुकानातल्या लॅपटॉपवर कंपनीचा डेमो व्हिडिओ चालू असतो, समुद्र, पोपट, रंगीत फुगे. त्यात कुठलाही पडदा झकासच दिसतो. मी माझं पान उघडायला लावलं. विक्रेता मुलगा म्हणाला, "काकू, फुल एचडी आहे, अक्षर एकदम क्लिअर." मी त्याला 'सर्वांना' आणि 'आचार्यांनी' हे शब्द दाखवले. रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी बसतात तिथे पडद्याचा कस लागतो. टिंब आहे की नाही हे डोळे न ताणता दिसलं पाहिजे, कारण माझं निम्मं काम त्या टिंबाचंच असतं. स्वस्तातल्या एका मॉडेलवर पान पूर्ण दिसेल इतकं लहान केलं की रफाराच्या पोटात टिंब विरघळून जात होतं. १४ इंची, १९२० बाय १२०० ठिपक्यांच्या पडद्यावर ते सुटं दिसलं. इंचाला साधारण १६० ठिपके पडतात, तेवढ्यावर माझं भागतं. याहून बारीक ठिपक्यांचे पडदे मिळतात, पण ते बॅटरी जास्त खातात आणि खिसाही.

त्या आकड्यातल्या १२००ला महत्त्व आहे. जुन्या पद्धतीचे पडदे १९२० बाय १०८० असतात, म्हणजे १६:९. १६:१०चा पडदा उंचीला थोडा जास्त असतो. तरीही १४ इंची पडद्याची उंची १९ सेंटिमीटरच्या आतच राहते. मराठी पुस्तकाचं नेहमीचं डेमी पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचं, म्हणजे साधारण साडेएकवीस सेंटिमीटर उंच. आडव्या पडद्यावर ते मूळ आकारात मावतच नाही. सारखं वरखाली सरकवावं लागतं, आणि तसं सरकवताना एखादी ओळ हमखास निसटते. पडदा मागे वळवून उभा धरला की उंची ३० सेंटिमीटर, रुंदी १९. डेमी पान मूळ आकाराहून मोठं करूनही पूर्ण दिसतं. दुकानात उभ्या उभ्या हे करून पाहिलं आणि माझ्या दृष्टीने फिरत्या पडद्याचा निकाल तिथेच लागला.

टचच्या पडद्यांची खोड म्हणजे काच. बहुतेक चकचकीत असतात. दुकानातल्या ट्यूबलाइट त्यात रांगेनं दिसत होत्या आणि मधे माझा चष्मा. मी लॅपटॉप दाराशी, उजेडाकडे नेऊन दाखवा म्हटलं. मुलाने मालकांकडे पाहिलं, मालकांनी मान डोलावली. काच चकचकीत असेल तर पडद्याचा उजेड निदान ४०० निट्स (उजेड मोजायचं एकक) तरी हवा, हे मी तिथे शिकले. २५० निट्सचा पडदा दाराशी नेला तर नुसता आरसा झाला. हा आकडा खोक्यावर क्वचित असतो, कंपनीच्या साइटवर त्या नेमक्या मॉडेलच्या तपशिलात सापडतो. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये दोन-तीन वेगळे पडदे असतात, त्यामुळे मॉडेलचा पूर्ण नंबर जुळवून बघायचा.

आता पेनबद्दल, कारण इथेच बरेच जण फसतात. पडदा टच आहे म्हणजे त्यावर पेन चालतं, असं नाही. रबरी टोकाचं दोनशे रुपयांचं पेन कुठल्याही टचवर चालतं, पण ते म्हणजे जाड बोटच. लिहिताना तळहात टेकला की त्याचीही खूण उमटते. अ‍ॅक्टिव्ह पेन चालायला पडद्यात त्याची वेगळी सोय लागते. ती असली की पेन जवळ येताच पडदा तळहाताकडे दुर्लक्ष करतो, आणि कमी-जास्त दाबाने रेघ बारीक-जाड होते. दुकानात विचारलं की "चालतं ना काकू, सगळी पेनं चालतात" हेच उत्तर. म्हणून स्वतः बघायचं: विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट. तिथे 'पेन अँड टच' अशी एक ओळ असते. तिच्यासमोर नुसता 'टच सपोर्ट' असेल तर पेन विसरा. 'पेन अँड टच सपोर्ट' असेल तर पुढे बोलायचं. एका दुकानात मी ही ओळ उघडून दाखवल्यावर "सगळी पेनं" चालवणारा मुलगा म्हणाला, "हे आम्हालापण माहीत नव्हतं." प्रामाणिक होता.

पेन खोक्यात मिळतं की वेगळं घ्यायचं, तेही विचारायचं. काही पेनांना 'एएएए' सेल लागतो, रिमोटच्या सेलपेक्षाही बारीक. तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. टाइप-सीवर चार्ज होणारं पेन बरं.

पेनची परीक्षा सोपी आहे. पडद्यावर पट्टी ठेवायची आणि तिला टेकवून अगदी हळू तिरकी रेघ ओढायची. भरभर ओढली तर सगळ्याच पेनांची रेघ सरळ येते. हळू ओढल्यावर काहींची रेघ नागमोडी होते. चित्रकाराला त्याचा त्रास जास्त, पण मलाही दोन अक्षरांच्या फटीत बारीक खूण करायची असते. एका पडद्यावर रेघ इतकी थरथरली की मालक म्हणाले, "मॅडम, हात हलतोय." पट्टी दाखवल्यावर गप्प बसले.

कीबोर्डचं कुणी बोलत नाही, निदान मराठीच्या बाजूने तर नाहीच. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीवर, टाइप करते. इंग्रजीत चौकटी कंसाची आणि उलट्या तिरक्या रेघेची की महिन्यातून एकदा लागत असेल. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या चौकटी कंसावर 'ड' आणि शिफ्टसह 'ढ', उलट्या तिरक्या रेघेवर 'ॉ' आणि शिफ्टसह 'ऑ'. पातळ लॅपटॉपमध्ये जागा वाचवायला कंपन्या नेमक्या उजव्या कडेच्या की अर्ध्या करतात. एका देखण्या, अगदी हलक्या लॅपटॉपवर मी 'डॉक्टर, ऑफिस, आडवाटेचा गड चढताना' असं टाइप केलं आणि दर दोन शब्दांना करंगळी एंटरवर पडू लागली. ओळी तुटत गेल्या. तो लॅपटॉप तिथेच सोडला. फोनेटिक वापरणाऱ्यांना, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्यांना, ही अडचण येणार नाही.

वजनाचं सांगते. जाहिरातीत "१.२ किलोपासून पुढे" लिहिलेलं असतं. त्यातलं "पासून पुढे" वाचायचं. तो आकडा बहुधा टच नसलेल्या मॉडेलचा असतो. काच आणि फिरती बिजागरी आली की वजन वाढतं. मी प्रवासी बॅग तोलायचा हुकाचा काटा सोबत नेला होता, कापडी पिशवीत लॅपटॉप घालून टांगला. मला पसंत पडलेला १.४ किलो भरला, आणि तीन पिनांच्या जाड वायरच्या चार्जरसह पावणेदोनच्या आसपास. खांद्यावर हे पावणेदोनच येणार असतात. पण तो टाइप-सीवर चार्ज होतो, त्यामुळे आता बाहेर जाताना ६५ वॉटचा छोटा चार्जर नेते आणि मूळचा जाडजूड घरी राहतो. हलका लॅपटॉप घेऊन त्याला टाइप-सी चार्जिंग नसेल, तर मला तो सौदा पटत नाही. साधं यूएसबी पोर्टही एखादं हवंच. श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) आणि प्रकाशकांचे पेनड्राइव्ह अजून जुन्याच तोंडाचे आहेत.

खरेदीचं थोडक्यात. ऑनलाइन भाव किंचित कमी होता, तो दाखवल्यावर दुकानदाराने जवळपास जुळवला. सील माझ्यासमोर फोडलं, खोक्यावरचा आणि लॅपटॉपच्या पोटावरचा सिरियल नंबर ताडून घेतला, पांढरा आणि काळा पडदा लावून मेलेला ठिपका नाही ना ते पाहिलं. "मॅडम, ऑफिस आम्ही अ‍ॅक्टिव्हेट करून देतो" याला मात्र मी नको म्हटलं. लॅपटॉपबरोबर येणारं ऑफिस ज्या खात्यावर सुरू करावं त्या खात्याशी बांधलं जातं. ते दुकानदाराच्या ईमेलवर गेलं तर पुढे त्याच्या मागे फिरावं लागतं. अपघाती नुकसानीची वॉरंटी मात्र मी पैसे मोजून घेतली, कारण टचची काच फुटली की सहसा पूर्ण पडदाच बदलावा लागतो.

घरी आल्यावर बॅटरी. कंपनी म्हणते १४ तास, ते मंद उजेडात नुसता व्हिडिओ चालवून मोजलेले. बॅटरी ५७ वॉट-तासांची आहे. पीडीएफ, वर्ड, वायफाय आणि मध्यम उजेड असा माझा वापर धरला तर साडेसात तासांच्या आसपास जातात. मला पुरतात. पहिल्या आठवड्यात एकदा झाकण मिटून बॅगेत टाकला, तासाभराने बाहेर काढला तर गरम, आणि बॅटरी बरीच उतरलेली. हल्लीचे लॅपटॉप झाकण मिटल्यावर पूर्ण झोपत नाहीत, मोबाइलसारखे अर्धवट जागे राहतात. भाच्याने फोनवरून सेटिंग बदलायला लावलं: झाकण मिटलं की स्लीपऐवजी हायबरनेट, म्हणजे उघडलेलं काम साठवून लॅपटॉप पूर्ण बंद. उघडायला काही सेकंद जास्त लागतात, पण बॅग थंड राहते. बहुतेक वेळ तो प्लगवरच असतो, म्हणून चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादाही घातली.

पेनने काम कसं चालतं? नवं सॉफ्टवेअर घ्यावं लागलं नाही. एज ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडून 'ड्रॉ' दाबलं की समासात खुणा करता येतात. सुरुवातीला काचेवर पेन घसरायचं, कागदाची खरखर हाताला लागत नाही ना. मग मॅट फिल्म लावली. चमक कमी झाली, पकड आली, पण अक्षर किंचित धूसर झालं. तुमचं काम फोटोंचं असेल तर ती लावू नका. उभा धरून वाचताना १.४ किलो हातात पेलत नाहीत, हे सांगितलं पाहिजे. मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप, पण पंख्याची जाळी झाकली जाणार नाही अशा बेताने. एप्रिल-मेच्या दुपारी तो पंखा ऐकू येतो. सलग वाचनात त्याचा त्रास होतो, आणि त्यावर मला उपाय सापडलेला नाही.

आणि बोट? भाच्याला कळवलंय की बोट फक्त पानं उलटायला लागतं. बाकी वेळ पेन नाहीतर माउस.

एक अडचण पलीकडच्या टोकाला निघाली. डीटीपी करणाऱ्या दादांनी पहिली फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर उघडली आणि फोन केला, "ताई, चुका एकही नाही? कोरीच पाठवलीत." त्यांच्या मोबाइलमधल्या व्ह्यूअरला पेनच्या खुणा दिसतच नव्हत्या. आता मी तपासून झालं की प्रिंटमध्ये जाऊन 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडते. खुणा पानात पक्क्या छापल्या जातात आणि कुठल्याही मोबाइलवर दिसतात. फाइल थोडी जड होते, तेवढं दादांना चालतं.