राजगड: कोणत्या महिन्यात, कोणत्या माचीवर

राजगडाचे बहुतेक फोटो बालेकिल्ल्यावरून दिसणाऱ्या सुवेळा माचीचे असतात, आणि तेही सकाळचे. माचीचं नाव सुवेळा, तोंड पूर्वेला, म्हणून पहाट गाठायची, असा सरळ हिशोब. पण पहाटे बालेकिल्ल्यावरून माचीकडे पाहिलं की सूर्य थेट डोळ्यांसमोर येतो. माची काळी पडते, आकाश पांढरंफटक. नुसता डोंगराचा आकार हवा असेल तर ठीक. तट, बुरूज, नेढं (कातळातलं आरपार भोक) हे सगळं दिसायला हवं असेल तर तिथे दुपार कलल्यावर जायचं, तेव्हा ऊन आपल्या पाठीमागून माचीवर पडतं. फार उशीरही करायचा नाही, कारण बालेकिल्ला माचीपेक्षा बराच उंच आहे. मावळतीला साधारण तासभर उरला की त्याचीच सावली माचीच्या मुळापासून पुढे सरकायला लागते. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आसपास बुडतो, तेव्हा सव्वाचार ते पावणेपाच ही वेळ. मे महिन्यात ती तासाभराने पुढे जाते. नेढ्यात माणूस उभा असेल तर फोटो जरूर घ्या, एरवी त्या भोकाचं माप कळतच नाही.

मग पहाटे करायचं काय? सुवेळा माचीच्या टोकाला जायचं आणि सूर्याकडे पाठ करायची. पहिलं ऊन बालेकिल्ल्याच्या पूर्वेकडच्या कड्यावर पडतं आणि दहा-पंधरा मिनिटं तो काळा कातळ तांबूस दिसतो. ७० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स पुरते. फार वाइड (रुंद कोनाची) लावली तर बालेकिल्ला टेकडीएवढा होतो. राजगडाचा एकच फोटो काढायचा असेल तर मी हाच सुचवेन. पश्चिमेकडच्या संजीवनी माचीवर मात्र सकाळी घाई नको. तिच्या बालेकिल्ल्याजवळच्या भागावरून सावली हटायला सूर्य उगवल्यावर तासभर तरी जातो.

तोरण्यामागे बुडणारा सूर्य सगळ्यांनाच हवा असतो. इथे महिना चुकतो. सूर्य उगवण्या-मावळण्याची जागा आपल्याकडे वर्षभरात जवळपास ५० अंश सरकते. तोरणा राजगडाच्या नेमक्या पश्चिमेला नाही, बराच वायव्येला आहे. त्यामुळे सूर्य त्याच्या जवळ उतरतो तो फक्त मे अखेर ते जुलैच्या सुरुवातीला, म्हणजे ढगांच्या दिवसांत. वळीव बरसून हवा धुतली गेली की एखादी संध्याकाळ मिळते. डिसेंबरात सूर्य तोरण्याच्या पार डावीकडे, संजीवनीच्या शेपटाच्या अंगाला बुडतो. ती फ्रेम वेगळी, पण माझ्या मते जास्त चांगली, कारण माचीचे टप्पे एकामागे एक उजळतात. पूर्वेकडेही असंच आहे. पुरंदरच्या दिशेने सूर्य उगवतो तो एप्रिलच्या सुरुवातीला आणि पुन्हा सप्टेंबरच्या सुरुवातीला. एप्रिलमध्ये धुरकट हवेत पुरंदर दिसतच नाही, तर सप्टेंबरात ढग.

संजीवनीची दुहेरी तटबंदी आणि चिलखती बुरूज (बाहेरून दुसऱ्या भिंतीचं कवच असलेले) यांना मात्र सोनेरी ऊन उपयोगाचं नाही. दोन भिंतींमधली बोळ अरुंद आणि खोल आहे. सूर्य खाली असला की आत नुसता अंधार. फोटोवाले जी वेळ टाळतात ती भर दुपारची, अकरा ते एक, इथे चालते. वरून आलेलं ऊन एका भिंतीवर आपटून दुसरी उजळवतं. २४ मिलिमीटर, अ‍ॅपर्चर एफ ११, आणि दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फोटो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

ऋतूंपैकी माझं मत सप्टेंबरला. जुलै-ऑगस्टमध्ये तुम्ही ढगाच्या आत असता, दहा फुटांवरचा बुरूज दिसत नाही. सप्टेंबरात ढग फाटायला लागतात, पठारावर सोनकी पिवळी आणि तेरडा गुलाबी. फुलांवर पाय न देता पायवाटेवरूनच कॅमेरा खाली धरला तरी पुढची चौकट फुलांनी भरते. ऑक्टोबरात गवत पिवळं पडतं. नोव्हेंबर ते जानेवारी, रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर, दरीत धुकं साचतं आणि गड त्याच्या वर राहतो. फेब्रुवारीनंतर वणव्यांचा धूर आणि धूळ. लांबचे फोटो तेव्हा सोडून द्या, दरवाजे आणि तटाचे दगड टिपा. एप्रिल-मेच्या अमावास्येला आकाशगंगा दक्षिणेकडे, भाटघर धरणाच्या बाजूला पाहा; ईशान्येला पुण्याचा उजेड आड येतो. एफ २.८, १५ सेकंद, आयएसओ ३२०० इथून सुरुवात करा. वीज कडाडत असेल तर माचीवर थांबू नका.

धुक्यात कॅमेरा फसतो. समोरचा पांढरा रंग त्याला फार उजेड वाटतो, तो फोटो काळवंडतो आणि धुकं राखाडी येतं. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा. चौकटभर नुसता काळा कातळ असेल तर उलट, तेवढंच कमी करा. ओल्या कातळाची आणि पानांची चकाकी पोलरायझर फिल्टरने जाते, बदल्यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो. तोच फिल्टर वाइड लेन्सवर निळ्या आकाशाला लावला तर आकाश एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिकं होतं.

माचीवर वारा जोरात असतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. बॅग लटकवायची तर ती जमिनीला टेकलेली हवी, झुलणारी बॅग फोटो आणखी हलवते.

पहाटेसाठी अंधारात चढायचं तर पाली दरवाज्याची वाट धरा, ती पायऱ्यांची आहे. गुंजवणे गावाकडून चोर दरवाज्याचा शेवटचा टप्पा रेलिंग धरून चढायचा कातळ आहे, हातात ट्रायपॉड घेऊन नाही. चढायला दोन तास, तिथून सुवेळेच्या टोकापर्यंत पाऊण तास, वर अर्धा तास राखीव. नोव्हेंबरात सूर्योदय पावणेसातच्या आसपास, म्हणजे पायथा साडेतीनला सोडायचा. बालेकिल्ल्याची चढण पावसात टाळा आणि शनिवार-रविवारी तिथे रांग लागते हे धरून चाला. २०२५ मध्ये राजगडासह १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्यापासून नियमांकडे लक्ष ठेवणं जास्तच गरजेचं. गडावर मुक्काम आणि ड्रोन या दोन्हींबद्दल पुरातत्त्व विभागाकडे आधी विचारा.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या पावसाळी हवेत कॅमेरा काढला तर लेन्सवर वाफ धरते. पुसली तरी पुन्हा धरते, काच गरम होईपर्यंत. वीस मिनिटं बॅगेची चेन बंदच ठेवा. घरी आल्यावर उलट करायचं: बॅग लगेच रिकामी करा, लेन्स रात्रभर पंख्याखाली ठेवा आणि मगच सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. ओली बॅग कपाटात गेली की काही आठवड्यांत काचेवर बुरशीचं जाळं धरू शकतं.