आईंना सगळं कळतं, हे लिहायला रकानाच नव्हता

गेल्या महिन्यात आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, केअरचा वार्षिक रिव्ह्यू झाला. वीस मिनिटांत आटोपला. सोशल वर्कर चहा पिऊन, चकली खाऊन गेली. तिला दारापर्यंत सोडून आत आले आणि त्यांच्या केअरचे पैसे कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, आमच्या हातात मिळवण्यात गेलेले दोन वर्षांपूर्वीचे ते पाच महिने आठवून पुन्हा डोकं तापलं. म्हटलं, एकदा लिहूनच टाकू. इंग्लंडमध्ये ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे, त्यांच्या कामी येईल.

आई १९७३ साली इथे आल्या. मिडलंड्समधल्या होजियरीच्या कारखान्यात वीस वर्षं शिलाई केली, तिथेच इंग्रजी शिकल्या. पॅरालिसिसच्या झटक्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही. दोन-तीन आठवड्यांनी मराठी हळूहळू परतलं, इंग्रजी मात्र गेलं ते गेलंच. आणखी एक घोटाळा झाला: ‘हो’ म्हणायचं असलं की कधीकधी तोंडातून ‘नाही’ निघतं. मग स्वतःच कपाळावर हात मारतात. झटक्यानंतर असं होतं, आणि त्याचा समजण्याशी काही संबंध नाही. भाजीवाल्याने किती पैसे परत दिले, हे आजही त्यांना माझ्याआधी कळतं.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर पहिले सहा आठवडे मदत फुकट मिळाली. मग कौन्सिलचं असेसमेंट झालं आणि एजन्सीच्या बाया सुरू झाल्या. दिवसातून चारदा. कागदावर झकास. आईंचं म्हणाल तर सकाळी सातला आंघोळ, मग देवाला दिवा, मग चहा. एजन्सीची बाई उगवायची साडेदहाला. तोवर आई पारोशा, चहा नाही, तोंड एवढंसं. रात्री झोपवायला यायची ती साडेसहाला, उन्हाळ्यात ऊन असताना! पहिल्या महिन्यात किती वेगवेगळ्या बाया आल्या त्याच्या मी फ्रीजवरच्या कागदावर रेघा मारत होते. अकरा. दर वेळी नव्या बाईसमोर कपडे उतरवायचे. एक दिवस आई म्हणाल्या, “धर्मशाळा... झाली.”

मंडळातल्या एका मैत्रिणीने डायरेक्ट पेमेंटचं सांगितलं. केअरसाठी आठवड्याला जी रक्कम मंजूर होते, ती एजन्सीला न देता कौन्सिल तुमच्या हातात देते. बाई तुम्ही निवडायची, वेळ तुम्ही ठरवायची. हे मेहेरबानी म्हणून नाही, केअर अ‍ॅक्ट २०१४ मध्ये आहे. मूळ कायदा १९९६चा, तेव्हा तो पासष्टच्या आतल्यांसाठीच होता, म्हाताऱ्यांना २००० नंतर लागू झाला. त्याच्याही आधी, १९८०च्या सुमारास, हॅम्पशरमधल्या ल कोर्ट नावाच्या निवासी संस्थेतल्या काही अपंग माणसांनी कौन्सिलशी भांडून आपल्यावरचा खर्च स्वतःच्या हातात घेतला आणि बाहेर घरं केली. आम्हाला काय हवं ते आम्हालाच कळतं, एवढंच त्यांचं म्हणणं. हे मुद्दाम सांगते, कारण आता फॉर्मची गोष्ट येते.

पैसे आईंच्या नावाने येणार, पण खातं सांभाळणं, हिशेब ठेवणं त्यांना जमणार नव्हतं. ते मी करायचं, असं आईंनीच ठरवलं होतं. मी डायरेक्ट पेमेंटच्या ऑफिसला फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, सुरक्षेसाठी मला त्यांच्याशीच बोलावं लागेल. म्हटलं, त्यांना इंग्रजी येत नाही आता, दुभाषा घ्या. “एकच प्रश्न आहे,” म्हणाला. मी फोन आईंच्या कानाला लावला. त्याने विचारलं, तुमच्या सुनेने पैसे सांभाळावेत हे तुम्हाला मान्य आहे का? आईंनी माझ्याकडे बघून हसत मान डोलावली आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, “नो.”

दहा दिवसांनी पत्र आलं: अर्जदाराने नकार दिला आहे.

पुन्हा फोन. या वेळी बाई होती, आवाजात साखर. म्हणाली, मग आपण दुसरा फॉर्म भरू. फॉर्म आला. पहिल्याच पानावर छापलेलं वाक्य: या व्यक्तीला डायरेक्ट पेमेंटबाबत स्वतः निर्णय घेण्याची क्षमता नाही. त्याखाली माझी सही. मी तो तसाच ठेवून दिला. नवरा म्हणाला, कर की सही, फॉर्मच आहे. त्या रात्री आमचं भांडण झालं. ज्या बाईने मला या देशात बँकेचं खातं उघडायला शिकवलं, तिला काही कळत नाही असं मी लिहून देऊ? आणि कशासाठी, तर तिला स्वतःच्या मनासारखं जगता यावं यासाठी!

साखरेच्या बाईला म्हटलं, त्यांना सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही, याचा रकाना कुठे आहे? म्हणाली, तसा रकाना नाही; पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, करून घ्या. आता गंमत बघा. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करायची तर करणाऱ्याला कळत असावं लागतं. म्हणजे एका ऑफिसात आईंना कळत नाही म्हणून लिहायचं आणि दुसऱ्या ऑफिसात त्यांनीच समजून-उमजून कागद करायचा. त्यात आठवडेच्या आठवडे जातात ते निराळेच. हे सगळं तिला सांगितलं तर म्हणाली, मी नोंद करून ठेवते.

मग मी कायदाच वाचायला बसले. दोन रात्री गेल्या, पण सापडलं. कलम ३१ आणि कलम ३२. ज्याला कळतं, तो स्वतः सांगून दुसऱ्या कुणाला पैसे घ्यायला नेमू शकतो, तो ‘नॉमिनेटेड पर्सन’, हे ३१. ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी ‘ऑथोराइज्ड पर्सन’, हे ३२. ऑफिसने मला सरळ ३२चा कागद पाठवला होता. आणि २००५चा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट तर म्हणतो की माणसाला कळतं हे धरूनच चालायचं, आणि समजावण्याचे सगळे शक्य उपाय केल्याशिवाय कळत नाही असं ठरवायचं नाही. हे दोन आकडे लिहून ठेवा, ३१ आणि ३२. फोनवर हे आकडे ऐकले की पलीकडचा माणूस सरळ बसतो.

मी लेखी मागणी केली: सोशल वर्करने घरी यावं, मराठी दुभाष्यासकट. सोशल वर्कर आली, टॅब्लेट घेऊन. पडद्यावर आधी हिंदीवाला लागला. तो रद्द करून पुन्हा प्रयत्न केला आणि पलीकडून आवाज आला, “नमस्कार आजी, जेवण झालं का?” आई पदर सावरायला लागल्या. अंगात गाऊन होता.

ती मुलगी मात्र हुशार निघाली, तिचं मनापासून कौतुक. ‘हो-नाही’चा घोळ तिने फाइलमध्ये वाचला होता. तिने टेबलावर तीन गोष्टी मांडल्या: माझा फोटो, नवऱ्याचा फोटो आणि एजन्सीचं कार्ड. पैसे कुणी सांभाळायचे, बोटाने दाखवा. आईंनी डाव्या हाताने माझा फोटो पुढे ओढला. तिने फोटोंच्या जागा बदलून पुन्हा विचारलं. पुन्हा माझाच. मुलगा का नाही? आई बराच वेळ शब्द शोधत होत्या. “बिल... भरत नाही... वेळेवर.” दुभाषा हसायला लागला, नवरा चहा ठेवायला उठला. तिने पेन काढून फॉर्मवरच्या त्या छापील वाक्यावर काट मारली, शेजारी हाताने लिहिलं की यांना क्षमता आहे आणि त्यांनी सुनेला नेमलं आहे, आणि सही केली.

तीन आठवड्यांनी फॉर्म परत. खाडाखोड चालत नाही!

आता मात्र मी रीतसर तक्रार केली. फोनवर नाही, लेखी. तारखा, कोण काय म्हणालं, कलम ३१, आणि शेवटी एक ओळ: उत्तर समाधानकारक नसल्यास ओम्बड्समनकडे, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाईन. नवव्या दिवशी, ज्यावर केअरचे पैसे जमा होतात ते प्रीपेड कार्ड टपालात. तक्रारीला घाबरू नका. मी तीन महिने उगाच गोड बोलत बसले.

पुढचं सगळं भराभर झालं. तीन गल्ल्या सोडून राहणारी एक गुजराती बेन मिळाली, सातच्या ठोक्याला येते. कागदोपत्री बेनच्या मालक आई, मी नाही, तेव्हा एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या कर खात्याकडे, नोंद त्यांच्या नावाने. ८१व्या वर्षी मालकीणबाई झाल्या. पेस्लिपचं काम पेरोलवाल्याकडे द्या, स्वतः करू नका. एम्प्लॉयर्स लायबिलिटीचा, म्हणजे कामावरच्या माणसाला काही इजा झाली तर त्याचा, विमा लागतोच, त्याचे पैसे मंजूर रकमेत धरून मागा. बेनच्या वर्षाच्या ५.६ आठवड्यांच्या भरपगारी सुट्टीचेही मागा. आम्ही पहिल्या वर्षी विसरलो आणि दिवाळीत तोंडावर पडलो.

सुनेलाच पगार द्या, असं पुण्याची नणंद म्हणत होती. तिकडे ब्युरोला फोन केला की बाई हजर, तिला इथलं काय कळणार! एका घरात राहणाऱ्या नातेवाइकाला हे पैसे सहसा देता येत नाहीत, कौन्सिलला अगदी गरज पटली तरच. वेगळ्या घरात राहणारी भाची चालते.

उत्पन्नाची चौकशी होते, पण आईंच्याच, मुलाची नाही. बचत २३,२५० पौंडांच्या वर असेल तर सगळा खर्च आपला. माणूस घरीच राहत असेल तर राहतं घर धरत नाहीत. पाटल्यांचं काय, म्हणून नवऱ्याला घाम फुटला होता. अंगावरचे दागिनेही धरत नाहीत. अटेंडन्स अलावन्सचा, म्हणजे मदत लागणाऱ्या म्हाताऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा, अर्ज मात्र आधीच करा, तो वेगळ्या खात्याचा आहे आणि त्याला बचत बघत नाहीत. आणि स्वतःसाठी केअरर असेसमेंट, म्हणजे सांभाळणाऱ्याला काय मदत हवी त्याची पाहणी, मागा, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं.

हो, एक राहिलं. पाठवायच्या आधी प्रत्येक कागदाचा फोटो काढा. काट मारलेल्या त्या फॉर्मचा माझ्याकडे आहे. रिव्ह्यूला ऑफिस म्हणालं की मूळ फॉर्म त्यांच्याकडे सापडत नाही.