घालायला की ठेवायला? आमच्या दुकानाची वाटचाल

मुंबईत ठाकूरद्वारला आमचं छोटंसं दागिन्यांचं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं. आजोबा झवेरी बाजारात दुसऱ्याच्या पेढीवर कारागीर होते, बाबांनी स्वतःचं काउंटर टाकलं आणि मी बीकॉम करून बँकेत जाणार असं घरात सगळ्यांनी परस्पर ठरवलेलं असताना मी पण इथेच बसले. बाबांच्या वेळी सगळा धंदा सोन्याचा, पाटल्या, तोडे, ठुशी, मंगळसूत्राच्या वाट्या. हिरा म्हणजे कुडीत नाहीतर चमकीत, आणि तो आणायला बाबा चालत ऑपेरा हाऊसला हिरे दलालांच्या पंचरत्न बिल्डिंगमध्ये जायचे, ओळखीच्या दलालाकडून कागदाची घडी घातलेली पुडी घेऊन यायचे. 2010 ला बीकेसीत भारत डायमंड बोर्स हे हिरे बाजाराचं संकुल सुरू झालं आणि हळूहळू तो बाजार तिकडे सरकला, आमचं चालत जाणं बंद झालं.

लॅबग्रोन, म्हणजे खाणीतून न काढता मशीनमध्ये वाढवलेला हिरा, आमच्याकडे पहिल्यांदा आला तो माल म्हणून नाही, धास्ती म्हणून. बाजारात त्याला सरसकट सीव्हीडीच म्हणायचे, ते खरं तर बनवायच्या एका पद्धतीचं नाव, आणि बोलणं एकच, मिक्सिंगचं. मोठ्या खड्याला सर्टिफिकेट असतं, कडेवर लेझरने नंबर कोरलेला असतो, तो भिंगाखाली बघता येतो. पण वाटीत, कानातल्यात जे एक-दोन सेंटचे, म्हणजे कॅरेटच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाचे, बारीक खडे बसवतात त्यांना कोण सर्टिफिकेट देणार? नॅचरलच्या, म्हणजे खाणीतल्या हिऱ्यांच्या, पुडीत चार सीव्हीडी टाकले तर डोळ्याला, भिंगाला काही कळत नाही. दुकानात जो पेनासारखा टेस्टर असतो तो खडा उष्णता किती पटकन वाहून नेतो ते बघतो, आणि लॅबचा हिरा पण कार्बनच, हिराच, त्यामुळे टेस्टर खुशाल 'डायमंड' म्हणून टूं करतो. मग आम्ही दुकानाच्या मानाने महागडं असं स्क्रीनिंग मशीन घेतलं. बाबा म्हणाले एवढ्या पैशात दुकानाची रंगरंगोटी झाली असती. झाली असती, पण पुरवठादाराच्या शब्दावर मी बिलावर 'नॅचरल' लिहिणार नव्हते. मशीन शंभर टक्के निकाल देत नाही हां, ते फक्त संशयित खडे बाजूला काढतं, पुढचं लॅबला पाठवायचं.

मग 2018 मध्ये डी बिअर्सनेच, म्हणजे ज्यांनी खाणीतला हिरा जगाला विकला त्यांनीच, लाइटबॉक्स नावाने लॅबचे दागिने काढले, कॅरेटला सरळ 800 डॉलर. 2023 च्या बजेटमध्ये लॅबच्या हिऱ्याला लागणाऱ्या सीडवरची, म्हणजे ज्याच्यावर हिरा वाढवतात त्या तुकड्यावरची, आयात ड्यूटी शून्य झाली, आयआयटी मद्रासला संशोधनासाठी पैसे मिळाले, त्याच वर्षी पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांना 7.5 कॅरेटचा लॅबचा हिरा भेट दिला. तो फोटो सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरला आणि त्यानंतर गिऱ्हाईक स्वतःहून विचारायला लागलं. पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच, ताई, म्हणजे अमेरिकन डायमंडच ना? नाही हो. अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिर्कोनिया, वेगळाच पदार्थ, वापरून वापरून त्याच्या कडा झिजतात. लॅबचा हिरा मशीनमध्ये मिथेन आणि हायड्रोजनच्या प्लाझ्मात थरावर थर चढवत काही आठवड्यांत वाढवतात, नाहीतर प्रचंड दाब आणि तापमान देऊन बनवतात. खाणीतला बहुतेक अब्जावधी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात तयार झालेला, एवढाच फरक म्हणा, पण पैसा नेमका त्या 'एवढ्याच' फरकाला पडतो.

आम्ही दोन्ही विकायचं ठरवलं, पण ट्रे वेगळे, पाकिटं वेगळी, बिलावर स्पष्ट 'लॅबग्रोन' किंवा 'नॅचरल'. आमच्या जडाईवाल्या दादाला काही फरक पडत नाही, त्याला दोन्ही सारखेच, झाळताना दोन्हीला बोरिक पावडरचा लेप लावायचाच नाहीतर खडा धुरकट होतो. फरक पडतो तो मला, कारण लॅबचा भाव सारखा खाली येतोय. नॅचरलचे खडे तिजोरीत पडून राहिले तरी बाबा निवांत झोपायचे, लॅबचे पडून राहिले तर मला झोप येत नाही. म्हणून लॅबचा मोठा खडा आम्ही स्टॉकच करत नाही, ऑर्डर आली, ॲडव्हान्स आला की मगच उचलतो. मे 2025 मध्ये डी बिअर्सने लाइटबॉक्स बंद करत असल्याचं जाहीर केलं तेव्हा मला तरी नवल वाटलं नाही.

गिऱ्हाईकाला मी आधी बजेट विचारतच नाही, विचारते, घालायला हवंय की ठेवायला? साखरपुड्याची अंगठी घ्यायला मुलगी आणि आई दोघी येतात, मुलीला एक कॅरेट दिसायला हवा असतो आणि आईचा जीव 'उद्या मोडली तर किती येतील' यात अडकलेला. तिथे मी दोघींना सरळ सांगते. एक कॅरेटचा चांगला नॅचरल लाखांत जातो, लॅबचा काही हजारांत मिळतो. पण मोडायला आलात तर लॅबच्या अंगठीत आम्ही फक्त सोन्याचे पैसे धरतो, खड्याचे शून्य. नॅचरलचे धरतो, त्यातही कपात असते, आणि काकू, हिऱ्याला सोन्यासारखा रोजचा भाव नसतो हे पण ऐकून ठेवा. बऱ्याच आया इथे गप्प होतात आणि मग म्हणतात, मग तेवढ्यात एक चेन पण करूया की. ही आयडिया माझी नाही, त्यांचीच, आणि मला ती पटते. लॅबची अंगठी, उरलेल्या पैशाचं सोनं.

मंगळसूत्राच्या वाटीचं गणित मात्र उलटं, ते लोकांना पटकन कळत नाही. तिथे खडे इतके बारीक की नॅचरल घेतलं तरी एकूण बिलात खड्यांचा वाटा कमीच, सोनं तोळ्याला लाखाच्या वर, शिवाय घडणावळ. लॅब घातल्याने वाचतं ते थोडंसंच आणि वस्तू आयुष्यभराची. तिथे मी नॅचरलच सुचवते. मोठ्या खड्यात लॅब, बारीकमध्ये नॅचरल, असा आमचा साधारण कल आहे, बाजारात काहीजण नेमकं उलट करतात आणि त्यांची कारणं त्यांना माहीत.

'इको-फ्रेंडली' हा शब्द आमच्या दुकानात कुठेच लिहिलेला नाही, ती मशीनं आठवडेच्या आठवडे विजेवर चालतात आणि वीज कोळशाची असेल तर कसलं काय. सर्टिफिकेटचं पण आता बघून घ्यावं लागतं, हिरे तपासून सर्टिफिकेट देणाऱ्या जीआयए या संस्थेने ऑक्टोबर 2025 पासून लॅबच्या हिऱ्याला रंगाचं डी-ई-एफ, स्वच्छतेचं व्हीव्हीएस असं ग्रेडिंग देणं बंद केलं, फक्त 'प्रीमियम' किंवा 'स्टँडर्ड'. आयजीआय ही दुसरी संस्था अजून जुन्या पद्धतीने देते. आणि हॉलमार्क, त्यातला एचयूआयडी हा दागिन्याचा ओळख नंबर धरून, सोन्याच्या शुद्धतेपुरता असतो, खडा कुठला ते सांगत नाही. हे तर मी दिवसातून कितीदा सांगते.

गिरगावातलं जुनं गिऱ्हाईक डोंबिवली, बोरिवली, विरारला गेलं, पण आता मेट्रो झाल्यापासून येणं जरा सोपं झालंय. कुठूनही घेतलेला हिऱ्याचा दागिना असू दे, मशीनवर बघायचा असेल तर दुपारी या, संध्याकाळी गर्दी असते. बिल सोबत आणा, आणि नसलं तरी या.